मागे टाकलेला चेंडू

९ सप्टेंबर २०२४, सोमवार

आज शाळेच्या ग्रंथालयातून फिलिसचा फोन आला. ब्रॅनक हायस्कूलचं हे शेवटचं वर्ष. जूननंतर आमची मुलं नदीपलीकडे लिंडोच्या शाळेत जाणार, आणि फुटबॉलचा संघ तर हा हंगाम संपला की संपलाच. त्या निमित्ताने एक पुस्तिका काढायची आहे. १९२१ पासूनचा प्रत्येक सामना, तारीख, गुण आणि शेवटी एखादी ओळ. "तुझ्याइतकं नीट दुसरं कोण करणार, रोझली?" असं ती म्हणाली. ते खरंच असल्यामुळे मी उगीच नाही-नाही केलं नाही.

ही वही माझ्या लेकीने, लिनेटने दिली होती, तिचे वडील गेले तेव्हा. मनातलं लिहीत जा म्हणाली. तीन वर्षं कोरी पडून होती, कारण मनातलं लिहावं असं काही सापडेना. आता काम आलं आहे, म्हणून उघडली.

संध्याकाळी फिलिसने नोंदवह्यांचं खोकं पोचवलं. १९७१ ते ७३ च्या वह्या माझ्या हातच्या आहेत. तेव्हा मी मैदानाच्या कडेला घडीच्या टेबलाशी बसून प्रत्येक खेळी, कोण चेंडू हातात घेऊन किती यार्ड पळाला ते, पेन्सिलीने टिपायचे. कोच सबातीनी म्हणायचे, मुलांपेक्षा ही पोर बरी, हिचा सात सातासारखा दिसतो.

वही उघडली आणि त्या शनिवारच्या सगळ्या दुपारी एकदम अंगावर आल्या. पोलाद कारखान्याची पहिली पाळी सुटली की माणसं घरी न जाता तशीच कुंपणापाशी येऊन उभी राहायची, डोक्यावर टोप्या, हातात डबे. चर्चच्या बायका कढईत बटाटा भरलेल्या पिरोगी परतायच्या, त्या कांद्याचा वास थेट माझ्या टेबलापर्यंत यायचा. नदीवरून धुकं चढायला लागलं की पलीकडची गोलरेषा दिसेनाशी व्हायची आणि मला आरड्याओरड्यावरून यार्ड ओळखावे लागायचे.

शेवटच्या पानावर माझंच अक्षर: १० नोव्हेंबर १९७३. ब्रॅनक १३, लिंडो १६. शेवटची खेळी: फंबल, हुडाक. चेंडू लिंडोकडे.

सिरिल हुडाक म्हणजे माझा भाऊ.

१४ सप्टेंबर, शनिवार

सिरिलला भेटून आले. शुश्रूषागृहातली त्याची खोली आता नदीच्या बाजूला आहे, हे एक बरं झालं. नाकात नळी, बाजूला प्राणवायूचं यंत्र गुरगुरतंय. कारखान्यात कोळशाचा कोक करायच्या भट्ट्यांवर दहा वर्षं आणि त्यावर सिगारेटी, मग आणखी काय होणार. तोंड मात्र शाबूत आहे. मी पुस्तिकेचं सांगितलं तर म्हणाला, "माझ्या नावापुढे चौकट काढ आणि काळी रंगव."

गावाने त्याला सोडलं नाही हे खरं आहे. चेंडू हातातून सुटला, तोही शेवटच्या क्षणाला, तोही लिंडोविरुद्ध, तोही अजिंक्यपदाच्या सामन्यात. पुढे तो शाळेची बस चालवायचा, तर बसमधली मुलंसुद्धा म्हणायची, मिस्टर हुडाक, स्टिअरिंग घट्ट धरा बरं का. ती सामन्याच्या वेळी जन्मलेलीही नव्हती. न्हाव्याकडे कॉफीचा कप हातात दिला की कोणीतरी म्हणणारच, दोन्ही हातांनी धर रे सिरिल. तो हसायचा आणि खरंच दोन्ही हातांनी धरायचा.

डेलसमोर मात्र कोणाची टाप नव्हती. डेल कोसिक, माझा नवरा, सिरिलच्याच वर्गातला आणि त्याच संघातला. एकदा अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये मासे खायला गेलो होतो, तिथे कोणीतरी फंबलवरून बोललं, तर डेलने त्याची कॉलर धरून त्याला बाहेर नेलं. इतका शांत माणूस, पण सिरिलचा विषय निघाला की तसा व्हायचा. दर वर्षी ऑक्टोबरात सिरिलच्या दारात लाकडं रचून द्यायचा. त्याचं गवत कापायचा. आणि घरी त्या सामन्याचा विषय निघाला तर उठून गॅरेजमध्ये जायचा. मेव्हण्याची लाज इतकी जपणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

२२ सप्टेंबर, रविवार

फिलिसला व्यायामशाळेच्या माळ्यावर फिल्मचे डबे सापडले! कोच सबातीनी प्रत्येक सामना चित्रित करून घ्यायचे हे मी विसरूनच गेले होते. एका डब्यावर 'लिंडो ७३' असं लिहिलंय. तिच्या नवऱ्याकडे फिल्म दाखवायचं जुनं यंत्र आहे, पण त्याचा दिवा गेलाय. नवा मागवला आहे.

चर्चनंतर सिरिलकडे गेले आणि उत्साहाने सांगितलं. त्याचा चेहरा पडला. जाळून टाक म्हणाला. मी म्हटलं, अरे, पन्नास वर्षांत कोणी पाहिलंय का ते? लोक आठवणीवर बोलतात. कदाचित कोणी तुझ्या हातावर फटका मारला असेल, कदाचित तू आधीच पडला असशील आणि शिट्टी व्हायला हवी होती. तुझी बाजू निघेल काहीतरी.

"मला बाजू नकोय," म्हणाला. मग खोकला लागला आणि परिचारिका येऊन माझ्याकडे रागाने बघायला लागली, म्हणून निघाले.

बिचारा. इतक्या वर्षांनीही स्वतःला बघायची लाज वाटते. पण मी ते बघणार. त्याचं नाव स्वच्छ झालं तर त्यालाच बरं वाटेल.

३ ऑक्टोबर, गुरुवार

दिवा आला, पण लागेना, फिलिसचा नवरा खटपट करतोय. वाट बघताना हात रिकामे, म्हणून एमेट टुलींकडे गेले. त्या सामन्यात ते पंच होते, तेव्हा तिशीतले. आता ऐंशीच्या पुढे गेलेत, अजूनही ताठ चालतात. अक्रोडाचा रोल नेला होता, तो त्यांनी बोलता बोलता निम्मा संपवला.

मला नियम पक्का करून घ्यायचा होता. टुलींनी शाळेतल्या मुलीला सांगावं तसं सांगितलं. पुढे फेकलेला चेंडू कोणी झेलला नाही आणि जमिनीवर पडला की खेळी तिथेच मेली. मागे फेकलेला मात्र पडला तरी जिवंत राहतो, ज्याने उचलला त्याचा. तसा तो कितीही वेळा, कोणीही, कुठेही मागे टाकावा. आणि हातून सुटला तर तो फंबल, तोही जिवंत.

मग म्हणाले, व्यावसायिक सामन्यात यात फरक पडतो. शेवटच्या दोन मिनिटांत हातून सुटलेला चेंडू ज्याच्या हातून सुटला त्यानेच उचलून पुढे न्यायचा. त्याच्या साथीदाराने उचलला तर सुटला त्या जागेच्या पुढे काही मिळत नाही. कारण लोक लबाडी करायला लागले होते. आता पकडला जाणार असं दिसलं की चेंडू मुद्दाम पुढे सांडायचा आणि मित्राने उचलून पळायचं. मागे टाकलेल्याला ते बंधन नाही, तो कोणीही न्यावा. म्हणजे पंचाने माणसाच्या हाताकडे बघून ठरवायचं, की हा सुटला का टाकला.

"आणि शाळेच्या सामन्यात?" मी विचारलं.

"शाळेच्या सामन्यात तो नियम नाही. सुटला काय, टाकला काय, लिंडोच्या पोराने उचलला, वेळ संपली, मी शिट्टी मारली. मला ठरवायची गरजच पडली नाही."

"पण तुम्ही तर जवळच होतात. तुम्हाला काय वाटलं?"

टुलींनी टेबलावरचे अक्रोडाचे कण बोटाने गोळा केले. "मला कोणी विचारलं नव्हतं," म्हणाले. "विचारलं असतं तर सांगितलं असतं. वहीत तू लिहिलंस ना काय ते. वर्तमानपत्रवाल्याने तुझ्या वहीतूनच उतरवून घेतलं."

घरी येताना पुलावर गाड्या खोळंबल्या होत्या. ते काय म्हणाले याचा विचार करत बसले. मला वाटतं त्यांना झोप आली होती.

५ ऑक्टोबर, शनिवार

आज पाहिली. फिलिसच्या तळघरात, भिंतीवर चादर लावून. आवाज नाही, नुसतं यंत्र करकरतंय.

शेवटची खेळी पंधरा-वीस सेकंदांची आहे. कोच तिला 'शेपूट' म्हणत. आखूड पास सिरिलला, आणि एक गडी त्याच्या डाव्या अंगाने थोडा मागे शेपटासारखा धावणार. सिरिलला धरलं की त्याने चेंडू मागे शेपटाकडे टाकायचा. सगळा सप्टेंबर त्यांनी एवढंच घोटलं होतं.

सिरिल पास घेतो. वळतो. लिंडोची दोन मुलं त्याच्या कमरेला लोंबकळतात. तो पडत नाही, तसाच आणखी तीन पावलं जातो. मग मान डावीकडे फिरवतो आणि दोन्ही हातांनी चेंडू मागे सोडतो. छातीच्या उंचीवर, हळू, वाढलेलं ताट पुढे करावं तसा. सुटलेला नाहीच तो. टाकलेला आहे.

आणि तिथे कोणी नाही. चेंडू गवतावर पडतो, दोनदा उडतो, लिंडोचा मुलगा त्याच्यावर झेप घेतो. समोर गोलरेषेपर्यंत सगळं मैदान मोकळं आहे.

सहा-सात पावलं मागे एक गडी उभा आहे. दोन्ही हात कमरेवर. नुसता उभा. चेंडू पडल्यावर मग धावायला लागतो.

फिलिसच्या नवऱ्याने विचारलं, बावीस नंबर कोण होता गं? मी म्हटलं, दिसत नाही नीट, धुकं आहे.

धुकं नव्हतं. आणि नंबर बघायची मला गरज नव्हती. डाव्या पायावर भार टाकून, उजवा गुडघा जरा सैल. पेट्रोल भरताना गाडीजवळ चव्वेचाळीस वर्षं तो असाच उभा राहायचा.

६ ऑक्टोबर, रविवार

चर्चला गेले नाही.

वहीत 'फंबल' मी लिहिलं. मी पाहिलं नव्हतं. मी मान खाली घालून आधीच्या खेळीचे यार्ड भरत होते. ओरडा ऐकून वर बघितलं तर लिंडोची मुलं एकमेकांच्या अंगावर चढून नाचत होती. हे मी कधी कोणाला सांगितलेलं नाही. कोणी विचारलंही नाही, कारण मी टापटीप मुलगी होते आणि माझा सात सातासारखा दिसायचा.

९ ऑक्टोबर, बुधवार

सिरिलसमोर जाऊन बसले. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि यंत्राचा आवाज बारीक करायला सांगितलं. तो बारीक होत नाही, पण मी उठून बटणाशी खटपट केल्यासारखं केलं.

"पाहिलीस," म्हणाला.

"पाहिली. का उभा राहिला तो?"

"दमला होता. त्याला वाटलं मी पडलो. मी पण पडणारच होतो. तीन पावलं जास्त गेलो ती माझीच चूक."

मग त्याने थांबत थांबत, मध्ये श्वास घेत सांगितलं. मी जमेल तितकं त्याच्याच शब्दांत लिहिते, विसरायच्या आत.

चेंडू गेला, शिट्टी झाली, तेव्हा त्याने आधी डेलकडे पाहिलं. डेल सिरिलकडे बघतच नव्हता, कुंपणाकडे बघत होता. कुंपणाच्या कडेने त्याचा बाप येत होता. जो कोसिक हे त्याचं नाव. सप्टेंबरात डेलने एक झेल सोडला होता, त्यानंतर आठवडाभर त्याला वर्गात पाठ टेकून बसता येत नव्हतं. हे संघातल्या सगळ्यांना माहीत होतं. मला नव्हतं. लग्नानंतर पाठीवरच्या खुणा मी पाहिल्या, तेव्हा डेल म्हणाला होता, लहानपणी कुंपणावरून पडलो.

"तेवढ्यात तू आलीस," सिरिल म्हणाला. "वही छातीशी धरून. काय लिहू रे सिरिल? मला सुचलं ते मी बोललो. म्हटलं, लिही, माझ्या हातातून सुटला."

मला आठवलं. खरंच मी विचारलं होतं. मी इतकी वर्षं समजत होते की तो खचला होता म्हणून त्याचा आवाज तसा आला.

"आपल्या घरी काय झालं त्या दिवशी?" तो म्हणाला. "आईने वाढलं. बाबा म्हणाले, होतं असं, उद्या छपराचं काम आहे, लवकर ऊठ. बस. माझं एवढ्यात भागलं. त्याचं भागलं नसतं."

मी म्हटलं, डेलचा बाप एक्याऐंशीत मेला. मग सांगायचं होतं.

"तेव्हा तू त्याची बायको होतीस. लिनेट रांगत होती. तो आला होता माझ्याकडे, बापाला पुरल्यावर दुसऱ्याच दिवशी. म्हणाला, आता मी न्हाव्याच्या दुकानात जाऊन सगळ्यांना सांगतो. मी म्हटलं, सांगितलंस तर तुझं तोंड बघणार नाही."

"पण का? तुझा काय फायदा त्यात?"

त्याने नाकातली नळी नीट केली. "कारखाना गेला," म्हणाला. "मार्गारेट गेली पिट्सबर्गला, ती परत आली नाही. बस चालवली. कोणाला माझी कशासाठी आठवण असायची तर त्या चेंडूसाठी. आणि त्याच्या मागचं खरं काय ते मला एकट्याला माहीत. आयुष्यात नेमकी केलेली एवढी एकच गोष्ट आहे माझ्याकडे, रोझे. तू खोडरबर घेऊन येऊ नकोस."

मी काहीच कबूल न करता निघाले. परिचारिकेने विचारलं, भावाशी भांडलात का. म्हटलं, नाही.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

डेलचा राग येतो आहे. लाकडं, गवत, अग्निशमनच्या हॉलमधली ती कॉलर. मी त्याला मोठ्या मनाचा म्हणत होते आणि तो ऐकून घेत होता. एकदा तर मी त्याच्या वाढदिवसाला सगळ्यांसमोर म्हटलं होतं, माझ्या भावाला याने जितकं सांभाळलं तितकं मी सांभाळलं नाही. तो उठून गॅरेजमध्ये गेला. मला वाटलं, स्तुती आवडत नाही याला.

त्याचं जाकीट अजून मागच्या दाराशी आहे. आज ते काढून खोक्यात टाकलं. संध्याकाळी परत लावलं.

सिरिलचाही राग येतो. दोघांनी मिळून मला पन्नास वर्षं बाहेर ठेवलं, आणि पेन्सिल माझी वापरली.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

पुस्तिका उद्या छापायला जाणार. सहाशे बारा सामने. सहाशे अकरा झाले आहेत.

मी तीन ओळी लिहून पाहिल्या. पहिलीत खरं होतं, दोन्ही नावांसकट. वाचली आणि कान गरम झाले. लिनेट पुढच्या शनिवारी, शेवटच्या सामन्याला येणार आहे, कोलंबसहून गाडी चालवत, वडिलांचं नाव मैदानावर वाचतील ते ऐकायला. ती तान्ही होती तेव्हा तिला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालणारा तोच होता. त्या खांद्याबद्दल मी छापून आणू?

दुसरीत होतं ते जुनंच. फंबल, हुडाक. ते माझ्या हाताने पुन्हा लिहवेना. पहिल्यांदा अजाणता लिहिलं होतं, आता जाणून लिहायचं म्हणजे वेगळं.

तिसरी पाठवली: शेवटच्या खेळीत चेंडू जमिनीवर पडला, लिंडोने घेतला. यात खोटं काही नाही. फिलिसने फोन करून विचारलं, बाकी सगळीकडे नावं आहेत, इथेच का नाही? जागा पुरली नाही म्हटलं. ती म्हणाली, जागा आहे की. मी फोन ठेवला.

२६ ऑक्टोबर, शनिवार

शेवटचा सामना, तोही लिंडोशी. मैदानावरचे दिवे गेल्या वर्षीपासून बंद आहेत, त्यामुळे नाइलाजाने दुपारी ठेवला आणि त्यामुळेच सगळं पूर्वीसारखं झालं. ऑक्टोबरचं उतरतं ऊन, टेकडीवरचे मेपल लाल झालेले, बँडमध्ये अकराच मुलं पण ढोल मोठा. पिरोगी होत्या. कुंपणापाशी म्हातारी माणसं उभी होती. डब्यांऐवजी हातात काठ्या, पण उभी तिथेच, ज्याची त्याची जागा ठरलेली.

संघात एकोणीस मुलं. अठ्ठावीस-सहाने हरलो. ते सहा गुण झाले तेव्हा लिंडोची माणसंसुद्धा टाळ्या वाजवत होती, आणि मला ते आवडलं नाही. लिंडोने आमची कीव करावी असं पूर्वी कधी झालं नव्हतं.

सिरिल येणार नाही म्हणत होता. लिनेटने जाऊन त्याला चाकाच्या खुर्चीत घातलं आणि प्राणवायूच्या नळकांड्यासकट आणलं. ती परिचारिका आहे, तिच्यापुढे कोणाचं चालत नाही. नंतर जुन्या खेळाडूंची नावं वर्षावार वाचली. त्र्याहत्तरच्या संघातले सात जण आले होते. "सिरिल हुडाक" म्हटल्यावर कुंपणाकडून कोणीतरी काहीतरी ओरडलं, मग हशा, मग टाळ्या. हशापेक्षा टाळ्या जास्त होत्या, खूप वेळ. सिरिलने दोन्ही हात वर केले, रिकामे, तळवे दाखवत. आणखी हशा. तो खूश होता. मी नीट पाहिलं, खरंच खूश होता.

"डेल कोसिक" म्हटल्यावर लिनेट उभी राहिली. सिरिलने तिचा हात धरून ठेवला होता.

२७ ऑक्टोबर, रविवार

लिनेट जायच्या आधी भांडी पुसत होती. पुस्तिका टेबलावर उघडी होती. म्हणाली, "आई, तू सिरिलमामाचं नाव काढलंस."

मी म्हटलं, जागा नव्हती.

तिने बशी ठेवली. "तुला कळलंय," म्हणाली.

मी खुर्चीत बसले. विचारलं, तुला कधीपासून माहीत आहे? ती म्हणाली, नर्सिंग सोडून घरी आले होते तेव्हापासून, एकोणीस वर्षांची असताना. मला तो हिवाळा आठवतो. परीक्षेत एकदा नापास झाली आणि बॅग घेऊन परत आली. मी ओरडले, ती रडली. मग डेल तिला गाडीत घालून कुठेतरी घेऊन गेला, दोन तासांनी परत आणलं, आणि सोमवारी ती कोलंबसला गेली. मी समजले, आइस्क्रीम खाऊ घातलं असेल.

"मैदानावर नेलं होतं," लिनेट म्हणाली. "बर्फ होता. जागा दाखवली मला, इथे उभा राहिलो म्हणून. म्हणाले, मला वाटलं संपलं. संपलं नव्हतं, चेंडू माझ्याकडेच येत होता. तू अशी उभी राहू नकोस."

मग मी विचारलं ते इतकंच, की मला का नाही सांगितलं? पोरीला सांगितलं, मला नाही?

लिनेटने माझ्याकडे पाहिलं, हसावं का नाही ते तिला ठरवता येत नव्हतं. "मी पण हेच विचारलं. ते म्हणाले, तुझ्या आईला सांगितलं तर ती त्याच दुपारी जाऊन वही दुरुस्त करेल. आणि सिरिल मला कधी माफ करणार नाही."

ती गेल्यावर बराच वेळ गॅरेजमध्ये उभी होते. तिथे त्याच्या खिळ्यांच्या बाटल्या अजून मापाप्रमाणे लावलेल्या आहेत. मी खरंच त्याच दुपारी गेले असते. बरोबर ओळखलं होतं मला. चव्वेचाळीस वर्षांत तेवढं तरी त्याने नीट पाहिलं.

३ नोव्हेंबर, रविवार

सिरिलला जेवायला घरी आणलं. शुश्रूषागृहातून चार तासांची परवानगी मिळते. कोबी घालून नूडल्स केल्या, आई करायची तशा, लोण्यात आणि भरपूर मिरी घालून, बरोबर कील्बासा सॉसेज. त्याने खाल्लं थोडंच, पण वास घेत बसला.

पुस्तिका पाहिली त्याने. आपली ओळ वाचली. चष्मा काढून पुन्हा वाचली. रागावला नाही. "हे चालेल," म्हणाला.

मग मी म्हटलं, "सिरिल, ती खेळी मला सांग. पहिल्यापासून. मी त्या वेळी मान खाली घालून बसले होते, मी काहीच पाहिलं नाही."

हे ऐकून तो इतका हसला की मला नळी तपासावी लागली. मोहरीच्या सॉसची बाटली मध्ये ठेवली, हे कोच. काटेचमचे आडवे, ही आपली रांग. स्वतःसाठी मिठाची बाटली घेतली. मिरीची डावीकडे, थोडी मागे, तो डेल. लिंडो म्हणून माझी औषधांची सगळी पाकिटं लावली. आणि बोलायला लागला. दर वाक्याला थांबायचा, श्वास घ्यायचा, पुन्हा सुरू. गवत ओलं होतं. डाव्या बुटाची नाडी तुटली होती, तिथे दोरा बांधला होता. रांगेत वाकलेला असताना डेल त्याच्या कानाशी म्हणाला होता, जिंकलो तर मी तुझ्या बहिणीला नाचायला विचारणार आहे. हे मला नवीन होतं.

मिठाची बाटली निघाली. वळली. दोन पाकिटं तिला चिकटली. तीन बोटं पुढे गेली. मग त्याने दुसऱ्या हाताने हवेत, हळूच, मागे टाकल्यासारखं केलं.

आणि मिरीची बाटली उचलली. ती तिथेच थांबली नाही. त्याने ती धावत आणली, जिथे असायला हवी होती तिथे, बरोबर वेळेवर, आणि मग सरळ टेबलाच्या कडेपर्यंत नेली. वाटेत एकही पाकीट नव्हतं.

"आत," सिरिल म्हणाला, आणि मागे टेकला.

मी काही दुरुस्त केलं नाही.